कधी येतं कधी जातं: जुन्या पिकअपचा वायरिंगचा फॉल्ट स्वतः कसा पकडायचा

गॅरेजला नेली की गाडी एकदम शहाणी होते. सेल एका झटक्यात, लाईट लख्ख, मीटरचे काटे जागेवर, आणि वायरमन म्हणतो आत्ता तर काहीच नाहीये, परत झालं की घेऊन या. परत होतं ते रात्री दोनला, कसाऱ्यात, मागे टोमॅटोचे क्रेट भरलेले असताना. पूर्ण बंद पडलेली गाडी दुरुस्त करणं सोपं असतं, जे मेलंय ते मेलेलंच सापडतं. पण कधी होतं कधी नाही असला फॉल्ट भल्याभल्यांना दमवतो, आणि मग मालक कंटाळून एकेक पार्ट बदलत सुटतो, आधी बॅटरी, मग डायनामो (बॅटरी चार्ज करणारा), मग सेल्फ (सेल मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर), आणि फॉल्ट आपला आहे तिथेच.

हे सगळं नवीन लोकांसाठी लिहितोय, म्हणजे ज्यांनी नुकतीच जुनी पिकअप घेतलीय आणि ज्यांना वायरिंग म्हटलं की घाम फुटतो. गाडी धरलीय १२ व्होल्टची डिझेल, बोलेरो पिकअप नाहीतर टाटा २०७ च्या जातीची कुठलीही, दहा-पंधरा वर्षं चाललेली आणि चार वायरमननी आपापली कला दाखवलेली. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतं, तिथे खालचे आकडे लावू नका.

एकच गोष्ट डोक्यात ठेवा, असला फॉल्ट चालू असतानाच पकडावा लागतो. म्हणजे एकतर तो होईपर्यंत वाट बघा, नाहीतर त्याला मुद्दाम व्हायला लावा. खालचा सगळा खटाटोप त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आधी वही, मग पाना

बोनेट उघडायच्या आधी एक वही घ्या किंवा मोबाईलमध्ये लिहा, कधी झालं, कुठे झालं, तेव्हा काय काय चालू होतं. पाऊस होता का, गाडी तापलेली होती का, खड्ड्यातून गेलात का, माल होता की रिकामी, ब्रेक दाबला होता का. आळस येतो हे लिहायला पण अर्धा फॉल्ट इथेच सापडतो.

खड्ड्यात किंवा वळणावर होत असेल तर लूज कनेक्शन, अर्थ (करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट) नाहीतर चावीचा स्विच. पावसात किंवा गाडी धुतल्यावर दोन दिवस होत असेल तर कपलरमध्ये (वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग) पाणी, टेललॅम्पचं सॉकेट, फ्यूज बॉक्स. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते, तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बघा, डिझेल पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (डिझेल तोडून इंजिन बंद करणारा) बघा, कॉमन रेल गाडी, म्हणजे कंप्युटरवर चालणारी डिझेल, असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कंप्युटरला सांगणारा), कारण तापल्यावर आतल्या कॉइलची बारीक तार सुटते आणि गार झाली की परत टेकते. फक्त रात्री सगळे लाईट लावल्यावर होत असेल तर चार्जिंग किंवा अर्थ. सकाळी सेल मारत नाही आणि धक्का दिला की दिवसभर ठीक, तर रात्रीतून कुणीतरी बॅटरी पितंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, एकच वस्तू बंद पडते की दोन-चार एकदम? एकटा हॉर्न जात असेल तर हॉर्नच्याच वाटेवर शोधा. पण मीटर, इंडिकेटर, वायपर सगळं एकाच वेळी गपगार होत असेल तर प्रत्येकाला वेगवेगळं शोधत बसू नका, जिथून सगळ्यांना करंट मिळतो किंवा जिथून सगळ्यांचा परत जातो ती एकच जागा गेलेली असते.

मीटर पाहिजे, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, काही शे रुपयांत येतो, त्याने काम भागतं. त्याच्या जोडीला टेस्टलॅम्प घरीच बनवा, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, एक होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकाला क्लिप.

मीटर असताना बल्ब कशाला, तर मीटर स्वतः करंट जवळपास ओढतच नाही. आतून कुजलेली वायर, जिच्यात एकच तार शिल्लक राहिलीय, तिच्यावर मीटर लावला तरी १२.५ व्होल्ट दाखवणार आणि तुम्ही म्हणणार वायर चांगली आहे. त्याच वायरवर २१ वॅटचा बल्ब लावा, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास मागतो, आणि लगेच पिवळट होऊन सांगतो की इथे दम नाही. नवीन माणूस फसतो तो नेमका इथे. एक सावधगिरी मात्र पाळा, कॉमन रेल गाडीत कंप्युटरच्या आणि सेन्सरच्या वायरींना हा बल्ब लावायचा नाही, तिथे फक्त मीटर.

बॅटरी आणि टर्मिनल

चावी बंद करा, घड्याळ-अंगठी काढून ठेवा, विडी सिगारेट लांब. आधी मायनसचा टर्मिनल काढायचा, नंतर प्लसचा, आणि लावताना उलटं, मायनस शेवटी. कारण प्लसचा बोल्ट खोलताना पाना बॉडीला टेकला तर मायनस जोडलेला असताना मोठा शॉर्ट होतो.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुगलेलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, मग पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकवा. आतली बाजू म्हणतोय, वरून चमकवून उपयोग नाही. आपल्याकडे क्लॅम्प ढिला झाला की फटीत खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा ठोकायची पद्धत आहे, तसं काही दिसलं तर काढून फेका आणि नवीन टर्मिनल लावा, स्वस्तात मिळतो. घट्ट केल्यावर हाताने फिरवून बघा, जरासाही फिरला तर ढिला आहे. शेवटी वरून व्हॅसलीन.

आता आकडे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच धरा, आणि आधी चार्ज करून आणा कारण रिकाम्या बॅटरीवर पुढची कुठलीही टेस्ट खोटी निघते. सेल मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. भरलेली बॅटरी तरी जात असेल तर बॅटरी थकलीय, नाहीतर सेल्फ जास्त करंट खातोय.

अर्थ, अर्थ आणि अर्थ

इथे वेळ घालवा. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या पिकअपचे निम्म्याहून जास्त भुताटकीचे फॉल्ट अर्थिंगचे असतात, आणि तरी लोक सगळ्यात शेवटी तिथे बघतात कारण प्लसची वायर दिसते, अर्थ म्हणजे आपली बॉडीच की, तिला काय होणार.

करंट बॅटरीतून जेवढा बाहेर पडतो तेवढाच परत यावा लागतो. बॅटरीच्या मायनसपासून एक जाड केबल चेसीला किंवा इंजिनला जाते, इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं म्हणून इंजिन आणि चेसीमध्ये वेगळी पट्टी असते, केबिनसुद्धा रबरावर असते म्हणून तिची वेगळी, आणि मागच्या लाईटांचा अर्थ हौद्याजवळ कुठेतरी एका स्क्रूला. यातली एक जरी कुजली तरी करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधीकधी ॲक्सिलेटरच्या केबलमधून असते. सेल मारल्यावर ॲक्सिलेटरची किंवा स्टॉपची केबल गरम लागली तर बाकी सगळं सोडा आणि इंजिनची अर्थ पट्टी बघा.

बघायचं कसं, नुसत्या डोळ्याने नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस पोस्टवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोस्टवर, आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल ओढून धरा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि दुसऱ्या माणसाला पाच सेकंद सेल मारायला सांगा. मीटरवर ०.२, फार तर ०.३ व्होल्ट आले तर अर्थ चांगला, अर्धा-एक व्होल्ट आला तर तेवढे व्होल्ट त्या वाटेवरच खर्च होतायत. मग हेड लाईट, वायपर, ब्लोअर लावून केबिनच्या पत्र्यावर तेच करा, मग टेललॅम्पच्या पत्र्यावर. प्लसच्या बाजूलाही असंच, बॅटरीच्या प्लस पोस्टपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, सेल मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको.

नारायणगावच्या बाजाराला माल नेणारी आमच्या शेजाऱ्यांची पिकअप होती, वळणावर मीटर आणि लाईट फडफडायचे, सरळ रस्त्याला काही नाही. बॅटरी नवी, डायनामो बनवून आणलेला. केबिनच्या पत्र्यावर मीटर लावला तर उभ्या गाडीत काहीच नाही, मग एकाने पायरीवर उभं राहून केबिन हलवली आणि आकडा एकदम दीड व्होल्टवर. केबिनची अर्थ वायर वरून धडधाकट दिसत होती, वरचं काळं प्लास्टिक सोलून बघितलं तर थिंबलच्या (वायरच्या टोकाला बोल्टसाठी लावलेलं धातूचं कडं) मुळाशी तांब्याचा हिरवा भुगा झालेला आणि दोन-तीन तारा तेवढ्या टेकलेल्या. वर आणि गाडीला कलर मारताना त्या बोल्टखाली रंग गेलेला. जागा पॉलिश पेपरने पांढरी केली, नवीन जाड वायर, नवीन थिंबल, वरून ग्रीस. खर्च शंभराच्या आत.

मागच्या लाईटांचं अर्थ गेलं की वेगळीच गंमत दिसते, ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतात, किंवा इंडिकेटर लावला की पार्किंग लाईट त्याच्या तालावर नाचते. हे दिसलं तर स्विच आणि फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) हात लावू नका, टेललॅम्पच्या अर्थला थेट बॅटरी मायनसपासून एक लांब वायर लावून बघा. ठीक झालं तर फॉल्ट सापडला.

हलवून, भिजवून, तापवून बघणे

अर्थ ठीक असेल तर वायरिंगला छळायचं. चावी ऑन, इंजिन बंद, जी वस्तू बंद पडते ती चालू ठेवा, एक माणूस तिच्यावर नजर ठेवून आणि दुसऱ्याने वायरिंगचा गठ्ठा थोडा थोडा हलवत पुढे जायचं. घाई नको, वीतभर वीतभर.

चावीच्या स्विचपासून सुरू करा. चावी ऑन असताना जरा वर-खाली डावी-उजवी करा, डॅशबोर्डचा मीटर गेला-आला तर आतले कॉन्टॅक्ट झिजलेत. चावीला गोदामाच्या, घराच्या, ट्रॅक्टरच्या चाव्या आणि वर पितळी घंटा असा पाव किलोचा जुडगा लटकवला असेल तर स्विच लवकरच जाणार. मग फ्यूज बॉक्स, प्रत्येक फ्यूज काढून त्याचे पाय बघा, काळपट तांबूस झाले असतील तर तिथे कॉन्टॅक्ट तापतोय. फ्यूजला कधीकधी केसाएवढी भेग असते, डोळ्यांना अख्खा दिसतो पण खड्ड्यात उघडतो, म्हणून शंका आली की सरळ नवीन टाका. रंग पाठ करा, १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जितक्याचा होता तितक्याचाच टाकायचा. चांदी गुंडाळणे, तार टाकणे हे करणाऱ्यांच्या गाड्या मी जळालेल्या बघितल्यात.

रिलेची शंका असेल तर अदलाबदल करा, हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर तो तिथे लावून दोन दिवस चालवा. फॉल्ट हॉर्नवर गेला तर रिलेच चोर.

मग केबिनच्या पत्र्यातून वायरिंग आत येतं तिथलं रबर, ते फाटलं की पत्र्याची धार वायर कापते. आणि मग खाली, चेसीच्या कडेने मागे जाणारं वायरिंग. पिकअपचा खरा त्रास इथे आहे, माल भरला की चेसी वाकते, क्लिपा तुटलेल्या असतात, वायर लोखंडावर घासत राहते, वर चिखल. म्हणून रिकाम्या गाडीत काही सापडत नाही आणि दीड टन भरला की फ्यूज उडतो. हे तपासायचं तर माल भरूनच तपासा.

पावसाचा फॉल्ट असेल तर झाडांना मारायचा स्प्रे घ्या आणि एकेका कपलरवर पाणी मारा, सगळीकडे एकदम नको नाहीतर काय कळणार. तापल्यावरचा असेल तर घरचा हेअर ड्रायर रिलेवर, सोलेनॉइडवर धरा, घरच्यांना विचारून.

वारंवार फ्यूज उडत असेल तर एक भारी युक्ती आहे. उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या दोन पायांच्या जागी तोच २१ वॅटचा टेस्टलॅम्प जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो, पण बल्बच करंट अडवून धरतो म्हणून वायर जळत नाही आणि फ्यूजचं पाकीट संपत नाही. आता वायरिंग हलवत जा, ज्या जागेला हात लावल्यावर बल्ब एकदम मंद होतो किंवा विझतो, शॉर्ट तिथे आहे.

डायनामो

इंजिन चालू, रेस थोडी वाढवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला पाहिजेत, आणि सगळे लाईट-ब्लोअर लावल्यावरही १३ च्या वर टिकायला पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा) गेलाय, त्याच गाड्यांचे बल्ब सारखे उडतात आणि बॅटरीचं पाणी आटतं. चावी ऑन केल्यावर मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा पेटलाच पाहिजे, बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या दिव्यातूनच डायनामोला सुरुवातीचा करंट मिळतो, दिवा उडाला तर डायनामो कधी उठतो कधी झोपतो, आणि लोक अख्खा डायनामो बदलतात. चालू गाडीत तोच दिवा मंद पेटत राहिला तर डायनामोतले ब्रश झिजलेत नाहीतर डायोड (एसीचं डीसी करणारा) गेलाय. डायोडसाठी मीटर एसी व्होल्टवर टाकून चालू गाडीच्या बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर संशय पक्का. बेल्ट ढिला नाही ना हे आधी बघा म्हणजे झालं.

आणि ती जुनी खोड, चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून "डायनामो चार्ज करतोय का" बघणे, कृपा करून करू नका. व्होल्टेज एकदम उसळतं, डायोड जातात, कॉमन रेल असेल तर कंप्युटर जातो. तसंच हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरीची केबल काढून ठेवा.

रात्रीतून बॅटरी कोण पितंय

गाडी बंद, चावी बाहेर, दरवाजे बंद, केबिन दिवा बंद. मायनस टर्मिनल काढा आणि टर्मिनल व पोस्टच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या भोकात वायर घालून जोडा. असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल तर अजिबात नाही, मीटर जळेल. दहा-वीस मिनिटं थांबा, ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातायत, आणि ७५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन-चार दिवस उभ्या गाडीत बसते. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडतो त्या लाईनवर चोर.

नेहमीचे संशयित म्हणजे थेट बॅटरीवरून जोडलेला गाण्यांचा टेप, फायनान्सवाल्यांनी लावलेला जीपीएस, अडकून राहिलेला ब्रेक लाईटचा स्विच, आणि डायनामोचा डायोड. शेवटचा ओळखायला सोपा, गाडी तासन्तास उभी आहे, इंजिन गार आहे तरी डायनामो कोमट लागतो.

बाहेरून लावलेलं

शक्य असेल तर सगळं जादा फिटिंग काही दिवस काढून ठेवा, एलईडी बार, जादा हॉर्न, हौद्यावरचे छोटे दिवे. फॉल्ट गेला तर कळलंच. हेड लाईटला ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० चे टाकलेले असतात, दोन दिव्यांचे मिळून ९ च्या जागी १५ अँपिअर होतात, आणि हे सगळं स्टिअरिंगजवळच्या जुन्या कॉम्बिनेशन स्विचमधून गेलं की तो आतून वितळतो. एकतर बल्ब मूळचे टाका, नाहीतर रिले लावून बॅटरीवरून वेगळी फ्यूजवाली लाईन द्या आणि सोबत वायरही जाड घाला.

सापडल्यावर जोडायचं कसं

हिरवी झालेली वायर चांगलं तांबं दिसेपर्यंत मागे कापा. तेवढ्याच जाडीची नवीन वायर, दाबून बसवलेलं थिंबल किंवा जॉइंट, वरून हीट श्रिंक स्लीव्ह. नुसती पिळून टेप मारली तर येत्या पावसाळ्यात तोच फॉल्ट तिथेच. जोडल्यावर वायर लोखंडापासून लांब बांधा आणि कपलरच्या आधी थोडा झोल खाली सोडा म्हणजे पाणी थेंबाने खाली पडतं, कपलरमध्ये शिरत नाही.

नंतर ज्या रस्त्याला, जेवढ्या मालाला, ज्या हवेत फॉल्ट येत होता तशीच गाडी परत चालवा. आणि एवढं करूनही सापडलं नाही तर वायरमनकडे जाताना "लाईटचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगू नका, वही दाखवा, अर्थचे आणि चार्जिंगचे आकडे सांगा, काय काय तपासून झालंय ते सांगा, आणि जमलं तर मोबाईलवर फॉल्टचा व्हिडिओ. डॅशबोर्डच्या खणात प्रत्येक रंगाचे दोन फ्यूज, एक रिले, टेस्टलॅम्प, १० नंबरचा पाना आणि पाच फूट जाड वायर कायमची ठेवून द्या.